दोन रामचंद्र?

सी. रामचंद्रांचे नाव निघाले, की आमचे जाणते रसिक त्यांचे दोन तुकडे करतात. 'अनारकली'चा (१९५३) अण्णा थोर; 'शहनाई'त (१९४७) रविवारचे ते गाणे देणारा अण्णा उठवळ! हा निवाडा मला साफ नामंजूर आहे. (एके काळी मीही तो दिलेला आहे, हे कबूल करतो.)

'अलबेला' (१९५१) घ्या. ज्या चित्रात बोंगो घुमतो आणि गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो, त्याच चित्रात लताबाईंची ती हळुवार अंगाईही आहे. बोंगो कोठे वाजवावा हे ज्याला कळते, त्यालाच तो कोठे थांबवावा हेही कळते. शुद्धतेचे सोवळे नेसून बसलेल्यांना यांपैकी एकही कळत नाही.

गाताना ते 'चितळकर' हे नाव लावीत. म्हणून काय माणसे दोन झाली? 'घरकुल'मध्ये (१९७०) ते लेकरांच्या बोबड्या लाडात रमले, तेही उठवळपणाच म्हणायचा काय? आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी कवी प्रदीपांचे गीत गायिले, त्याची चाल याच हाताची. त्या दिवशी 'शहनाई'ची आठवण कोणी काढली नाही.