बिलासाठी एवढे डोळे कशाला?

सिॲटलमधल्या ‘ॲमेझॉन गो’ दुकानात बिलाचे काउंटरच नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ते सर्वांसाठी उघडले. दारात फोन दाखवायचा, सँडविच उचलायचे, सरळ बाहेर पडायचे.

किमया छतावरच्या कॅमेऱ्यांची आणि फळ्यांतल्या वजनकाट्यांची. एका कॅमेऱ्याच्या टप्प्यातून माणूस निसटला की दुसऱ्याने त्याला हेरायचे, आणि हा तोच हेही ठरवायचे. दोघे खेटून उभे राहिले, कुणी उचललेली बाटली भलत्याच फळीवर ठेवली, की घोळ. २०१७ मध्ये उद्घाटन लांबले तेव्हा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती: विसाहून जास्त माणसे आत आली की यंत्रणा गडबडते. (दिवाळीआधीचे आपले किराणा दुकान तिला झेपले नसते.)

आम्ही चेहरा ओळखत नाही, असे कंपनी सांगत आली. हा दिलासा तोकडा होता. नाव फोनने दारातच सांगितलेले असायचे. मग कोण कुठल्या फळीपुढे घुटमळले, काय परत ठेवले, सारे नावानिशी नोंदवता यायचे.

२०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या ‘ॲमेझॉन फ्रेश’ किराणा दुकानांतून कॅमेऱ्यांची ही पद्धत काढायचे ठरवले. त्यानंतर तिथे हिशेब ढकलगाडीतच होऊ लागला. बिलापुरते तेवढे भागत असेल, तर दुकानभर माणसाचा माग कशासाठी, हे ग्राहकांनी विचारायलाच हवे.