कोळसा नेला, आता जमीन परत द्या!

चंद्रपूर, वणी, राजुरा, भद्रावती आणि उमरेडच्या भूगर्भातील कोळसा राष्ट्राचा आहे, असा निर्वाळा 1973 साली संसदेने राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने दिला. 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने या पट्ट्यातील काळी कसदार शेते अधिग्रहित झाली. गायराने आणि राखीव वनेही खाणींच्या घशात गेली. हे सारे ज्या जनतेच्या नावाने झाले, तिच्याच पदरी पाच दशकांच्या उत्खननानंतर काय पडले, हे घुग्घुसच्या किंवा दुर्गापूरच्या वेशीवर उभे राहून कोणीही पाहावे. पाताळापर्यंत गेलेले खड्डे आणि त्यांच्या काठी उभे असलेले मातीचे डोंगर!

नियमांची वाण कधीच नव्हती. वरच्या थरातील सुपीक माती वेगळी राखून ठेवावी, ढिगाऱ्यांचा उतार 28 अंशांहून अधिक नसावा, त्यांच्या पायथ्याशी चर खणून गाळ अडवावा, खाण पुढे सरकेल तसतसा मागचा खड्डा भरत यावा, कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री असावी, रस्त्यांवर पाणी शिंपडले जावे, आणि अखेरीस ती भूमी पुन्हा झाडाझुडपांच्या किंवा नांगराच्या स्वाधीन व्हावी, अशा अटी पर्यावरण मंजुरीच्या पत्रात लिहिलेल्या असतात. त्या लिहिलेल्याच राहतात.

कारण या अटींचे पालन होते की नाही, हे सांगण्याचे काम मुख्यतः ज्याने त्या पाळायच्या त्याच्याकडेच आहे. दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला खाणचालकानेच आपला अनुपालन अहवाल धाडावा, ही व्यवस्था. खासगी ठेकेदाराने लबाडी केली तर नफेखोरी म्हणून तिचा अर्थ तरी लागतो. परंतु या पट्ट्यातील खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) ही कोल इंडियाची उपकंपनी, म्हणजे साक्षात जनतेची मालमत्ता. महालेखापरीक्षकांनी 2019 च्या अहवालात नोंदवले की, कोल इंडियाच्या बहुतेक उपकंपन्यांपाशी संचालक मंडळाने संमत केलेले पर्यावरण धोरणच नव्हते. राष्ट्राच्या नावाने भूमी घ्यायची आणि ती सांभाळण्याचे साधे धोरणही ठरवायचे नाही, याला आम्ही विश्वासघात म्हणतो.

आणि शासन काय करते? जे थोडेसे कुंपण होते तेही उपटते. 2017 मध्ये खाणींची 40 टक्क्यांपर्यंतची क्षमतावाढ जनसुनावणीवाचून करण्याची मुभा दिली गेली. 2022 मध्ये ती मर्यादा 50 टक्क्यांवर नेली. त्याच वर्षीच्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेची संमती असण्याचा दंडक हटवून ती जबाबदारी राज्यांच्या गळ्यात बांधली. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या भंगाबद्दलची कारावासाची शिक्षा काढून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या खाणीला पंधरा लाखांचे भय ते काय? गावकऱ्याचे तोंड बंद, अपराध्याचा तुरुंग बंद, खाण मात्र चोवीस तास चालू!

परिणाम कोणाच्या दारात येतात ते चंद्रपूरकरांना विचारा. इरई आणि वर्धा नद्यांच्या काठांवर खाणींच्या मातीचे ढिगारे उभे आहेत. पावसाळ्यात त्यांची माती पात्रात उतरते, पात्र उथळ होते, आणि जुलै 2022 सारखा पूर आला की पाणी वस्त्यांत शिरते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीने गिळले. त्याखाली जुनी भूमिगत खाण होती. कोळसा कधीच निघून गेला, पोकळी मात्र गरिबाच्या चुलीखाली राहिली.

वीज हवी ना, असे आम्हाला विचारले जाईल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची 2,920 मेगावॅट वीज महाराष्ट्र वापरतो, आणि त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली 83.88 गुण देऊन देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या अग्रभागी बसवले. मुंबई-पुण्याने दिवा लावायचा आणि काजळी दुर्गापूरच्या लेकरांनी श्वासात घ्यायची, हा न्याय कोणत्या संहितेतला? खड्डा भरल्याने वीज कमी होत नाही. खर्च वाढतो एवढेच. तो सोसण्याची तयारी नसेल, तर आजवरचा कोळसा स्वस्त होता हा दावाच खोटा आहे.

सरकारला थांबवता येते, हे जनतेने सिद्ध केले आहे. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध चंद्रपूर उठले आणि तो प्रकल्प थांबला. 2020 मध्ये बंदर कोळसा पट्टा लिलावातून वगळावा लागला. वाघासाठी जे साधले ते माणसासाठीही साधले पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मागचा खड्डा किती भरला याची मोजणी खाणीशी संबंध नसलेल्या यंत्रणेने ग्रामसभेसमक्ष केल्यावाचून एकाही खाणीला क्षमतावाढ देऊ नये. खाणबंदीसाठी 2009 पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एस्क्रो खात्यात ठेवावयाच्या निधीचा खाणनिहाय हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. नदीकाठचे ढिगारे येत्या पावसाळ्यापूर्वी हटवावेत. न हटवल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या खाणीची संचालन संमती रद्द करावी. हा अधिकार मंडळापाशी आज आहे. तो वापरा!