पाडव्याची ओवाळणी

बोरिवलीत आम्ही तीस वर्षे काढली, पण मंडपेश्वरची लेणी पाहिली नव्हती. पाहुण्यांना कान्हेरी दाखवायची आणि घराजवळचे मंडपेश्वर 'जाऊ कधीतरी' म्हणून ठेवून द्यायचे! शेवटी २०२४ च्या पाडव्याला सौभाग्यवतींनी ओवाळणी म्हणून हाच फेरफटका मागितला. इतक्या स्वस्तात सुटका होते म्हटल्यावर आम्ही कशाला नाही म्हणतो?

आतला नटराज पाहून मात्र पाय थबकले. हातपाय झिजले, तुटले, पण नाच थांबलेला नाही. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शैव लेणे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या काळात लेण्याचे चर्च झाले आणि माथ्यावर मठ उभा राहिला. एका भिंतीवर तर शिवमूर्तीच्या जागी भला मोठा क्रूस कोरलेला आहे. पुढे १७३७ साली साष्टी मराठ्यांनी घेतली. आता वर मठाच्या बिनछपराच्या भिंती, खाली पुरातत्त्व खात्याची पाटी आणि जवळच ख्रिस्ती दफनभूमी.

तो क्रूस पाहून आमचे डोके तापले. "कुठून कुठून आले आणि आमच्या देवावर टाकी चालवली!" असे पुटपुटतच आम्ही बाहेर पडलो.

दफनभूमीत थडग्याथडग्यावर झेंडू आणि मेणबत्त्या. दोन नोव्हेंबर, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. एका म्हातारीची मेणबत्ती वाऱ्याने पुन्हा पुन्हा विझत होती.

"बाई, जरा आडोसा धरता का?" तिने अस्सल मराठीत हाक मारली. सौभाग्यवतींनी पदर धरला. मेणबत्ती पेटली.

"आमचे हे इथं निजलेत," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" आम्ही विचारले.

"इथल्याच की. भातशेती होती आमची. बोरिवली मुंबईत गेली ना सत्तावन्न साली, तेव्हा मी परकरात होते. तुम्ही कुठले?"

आम्ही वाईचे. मघाचे 'कुठून कुठून आले' घशातच अडकले. "आम्ही... घाटावरचे," इतकेच कसेबसे म्हणालो.

सौभाग्यवतींनी पिशवीतून करंजी काढून तिच्या हातावर ठेवली.

"नेवरी!" म्हातारी खुलली. "आम्ही नाताळाला करतो." मग आमच्याकडे पाहत तिने विचारले, "आज पाडवा ना तुमचा? ह्यांना ओवाळलंत का?"

"घरी गेल्यावर," सौभाग्यवती म्हणाल्या. "ओवाळणी आधीच घेतलीय."