पिशवीचा हिशेब: ऊसतोड महिला कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. आरोग्यमंत्री व मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत नियमित व खुली पाहणी करणे आणि तिच्या निष्कर्षांवर ठरलेल्या मुदतीत निर्णय घेणे.

महोदय,

आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, ‘पिशवी’ म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ‘पिशवी काढली का?’ हे बाया एकमेकींना दाढ काढली का विचारावं तितक्या सहज विचारतात. हे इतकं सहज कसं झालं, याचा शोध घ्यायला २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात शंभरामागे तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी तफावत केवळ वयाच्या फरकाने पडत नाही.

आकडा आला आणि वाद पेटला. डॉक्टर म्हणाले, बाई स्वतःच येऊन ‘काढून टाका’ म्हणते. मुकादम म्हणाले, आम्ही कुणाला सांगायला जात नाही. कारखाने म्हणाले, आमचा करार मुकादमाशी, बाईशी नाही. कार्यकर्ते म्हणाले, कॅन्सरची भीती घालून पोटं फाडली. आमच्यातल्या काही जणी आपल्या पायाने दवाखान्यात गेल्या, हे आम्ही लपवत नाही. पण एका पाळीत दोन दिवस फड बुडाला की दोन दिवसांचा खाडा कापला जातो, राहायला कोपी, आडोशाला उसाचा फड आणि पाण्याची बोंब. अशा जागी पाच-सहा महिने काढणारी बाई ‘माझ्या इच्छेने’ म्हणते, तेव्हा त्या इच्छेत किती गोष्टी मिसळलेल्या असतात, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

मागच्या हंगामाआधी आम्ही घरोघरी फिरत होतो. एका घरी तिशीही न ओलांडलेल्या बाईने पत्र्याच्या पेटीतून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. सोनोग्राफीची पट्टी, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड. कार्डावर वय लिहिलेलं होतं, कारणाच्या जागी दोन इंग्रजी शब्द. काढलेल्या पिशवीची तपासणी झाल्याचा कागद त्यात नव्हता. अंडाशय ठेवले की तेही काढले, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, एवढंच ती सांगत होती. पैसे मुकादमाच्या उचलीतून आले आणि ती उचल फिटेपर्यंत पुढचे हंगाम तिने तोड केली. आता तिला अंगातून वाफा येतात, मोळी डोक्यावर घेतली की गुडघे वाजतात. सरकारी फॉर्मवर तिच्या नावापुढे ‘होय’ अशी एक खूण झाली असेल. ही पेटी मात्र कुणी उघडली नव्हती.

पांढरं जाणं हा काही पिशवी काढण्याचा आजार नव्हे, हे महाराष्ट्राला सांगून कित्येक वर्षं झाली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे, त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. त्यातले बरेचसे आजार औषधाने बरे होणारे होते. तो अभ्यास जगभर वाचला गेला. आमच्या तांड्यावरच्या, वस्तीवरच्या बाईपर्यंत मात्र गोळी पोचायच्या आधी ऑपरेशन पोचलं.

आकड्यावरून सरकार हलतं, हे बीडने एकदा पाहिलं आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. त्यानंतर सोनोग्राफी केंद्रांवर धाडी पडल्या, नोंदी तपासल्या गेल्या. त्या तपासता आल्या, कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला ‘एफ’ फॉर्म सक्तीचा केलेला होता. कुणी, कुणाची, कोणत्या कारणाने तपासणी केली, याचा कागद होता.

आमची मुख्य मागणी अशाच कागदाची आहे. राज्यातल्या प्रत्येक गर्भाशय शस्त्रक्रियेला, सरकारी असो की खासगी, असा एक फॉर्म सक्तीचा करा. त्यात बाईचं वय, काम, त्रास, आधी कोणते उपचार दिले आणि किती दिवस, सल्ला कुणाचा, तपासणीचा अहवाल, अंडाशय ठेवले की नाही आणि पैसे कुठून आले, हे सगळं मराठीत लिहिलेलं असावं. त्याची एक प्रत बाईच्या हातात द्यावी. नावं झाकून जिल्हावार आकडे दरवर्षी जाहीर करावेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती स्वीकारायला सांगितलं. त्यामुळे नवा पाया घालायची गरज नाही. २०१९ मध्ये बीडच्या खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं, त्याचं आम्ही स्वागत केलं. पण जिल्ह्याची हद्द ओलांडायला एक एसटी पुरते. शिवाय गाठीमुळे रक्त जाणारी एखादी खरोखर गरजू बाई परवानगीच्या रांगेत ताटकळू नये, याचीही आम्हाला काळजी आहे. म्हणून नियम राज्यभर एक हवा आणि तातडीच्या रुग्णासाठी वाट मोकळी हवी.

दुसरं, पाहणी एकदाच होऊन भागणार नाही. दर तीन वर्षांनी ती व्हावी. बीडबरोबर जिथून टोळ्या निघतात त्या सगळ्या जिल्ह्यांत व्हावी. आणि गावात तसेच हंगामात कारखान्याच्या तळावरही व्हावी. दिवाळीनंतर गावात गेलात तर म्हातारी माणसं भेटतात, आम्ही नाही. त्याच गावच्या तोडीला न जाणाऱ्या बायकांनाही तेच प्रश्न विचारा. दोन्हींची तुलना झाली, तरच दोष तोडीच्या कामाचा किती आणि दवाखान्यांचा किती, हे कळेल. निष्कर्ष आमच्या म्हणण्याविरुद्ध गेला, तरी आम्ही तो मान्य करू. फक्त प्रश्नावली ठरवताना ऊसतोड बाया समितीत बसल्या पाहिजेत, कारण ‘उचल कशासाठी घेतली’ हा प्रश्न कार्यालयात बसून सुचत नाही.

मोजणीच्या आड येणारी मोठी गोष्ट म्हणजे कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, हिशेब जोडीचा, आणि तो होतो नवऱ्याशी. आम्ही पहाटे चारला फडात असतो, रात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या भरतो, पण कारखान्याच्या कागदावर आम्ही अर्धा कोयता. ज्या बाईचं नावच नाही, तिचा आजार कोण नोंदवणार? म्हणून प्रत्येक ऊसतोड महिलेची तिच्या नावाने नोंद, ओळखपत्र आणि मजुरीचा स्वतंत्र हिशेब या हंगामापासून सुरू करावा. ही नोंद गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ठेवावी.

तळावर पाणी, संडास, न्हाणी आणि महिन्यातून दोनदा स्त्री-डॉक्टरची फेरी हवी; पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांचा खाडा बंद व्हावा. ज्यांची पिशवी आधीच गेली आहे, त्यांच्या हाडांची, रक्तदाबाची व हृदयाची तपासणी आणि औषधं आयुष्यभर मोफत मिळावीत.

शेवटची मागणी अहवालाबद्दल. समितीच्या प्रत्येक शिफारशीपुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असं लिहून, अमान्य असेल तर कारण देऊन, सरकारने ते ९० दिवसांत विधिमंडळात ठेवावं. २०१९ च्या शिफारशींपासून सुरुवात करावी. त्यातलं काय झालं, काय राहिलं, हे आम्हाला मराठीत, गावच्या चावडीवर वाचून दाखवावं.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्याआधी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. सोबत १३ गावांतल्या महिलांच्या सह्या आणि अंगठे जोडले आहेत.

आपल्या,
ऊसतोड महिला कामगार संघटनेच्या अध्यक्ष व सर्व सभासद