विषाला औषध म्हणायचं नाही



कन्नड-सोयगावच्या डोंगरातून आपली माणसं हर्सूलच्या मळ्यांत मजुरीला जातात. मालक सांगतो, "भेंडीवर औषध मारून या." डब्यावर लाल त्रिकोण, कवटी आणि हाडं. औषधाने माणूस बरा होतो. याने चक्कर येते, उलट्या होतात, डोळ्याची बाहुली बारीक होते, जीव जातो. हे विष आहे.

मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारायला २००५ पासून सरकारची बंदी. पण कापसाच्या नावाने ते दुकानात मिळतच राहिलं. एकदा पंपात ओतल्यावर कापूस कोणता, भेंडी कोणती, कोण बघतो? ते झाडाच्या रसात भिनतं, वरून धुऊन जात नाही. फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, ते डब्याच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. पण भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर निबर होते, भाव जातो. मग ते दिवस पाळणार कोण? माल जाधववाडीच्या बाजारात जातो, तिथून शहराच्या ताटात. उरलासुरला आपल्या पोरांच्या ताटात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा काय ऐकवलं? मजुरांनी तोंड बांधलं नाही, हातमोजे घातले नाहीत! हातमोजे दिले कोणी? विष बनवलं कोणी, विकलं कोणी, विक्रीला परवाना दिला कोणी? जंगल संपलं की दोष आदिवासीचा, फवारणीत मेला की दोष मजुराचा. हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आता तेच डबे उधारीवर आपल्या जंगलप्लॉटवर येऊ लागलेत. दावे भरले, मोर्चे काढले, ते याच्यासाठी? जंगल, जैवविविधता आणि पाण्याचे साठे राखायचा अधिकार वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने ग्रामसभेला दिलाय. तो वापरा. ठराव करा:

१) लाल त्रिकोणाचा डबा आपल्या शिवारात येणार नाही.

२) ओढ्यात, विहिरीवर पंप-डबे कोणी धुणार नाही.

३) मजुरीला गेल्यावर मालकाने हातमोजे, मास्क, साबण दिल्याशिवाय पंप पाठीवर घेणार नाही. बाधा झाली तर दवाखान्याचा खर्च मालकाचा. जाताना डबा सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरला विष कळतं.

येत्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. ठरावाची नक्कल संघटनेकडे पाठवा.

जिंदाबाद!