दुपारचे ऊन, रात्रीची गाडी

आपल्या समाजात एखादी चांगली गोष्ट रुजू लागली की तिच्या पाठोपाठ एक सोयीस्कर समजूतही घरात शिरते. गच्चीवर सौर पॅनेल बसले, विजेचे बिल नाममात्र झाले आणि आता दारात विजेवर चालणारी मोटार उभी राहिली. विक्रेता मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो, ‘‘साहेब, पॅनेल आहेतच. भिंतीला एक चार्जर लावून घ्या. यापुढे तुमची गाडी सूर्यावर चालणार आणि तीही फुकट!’’ मध्यमवर्गीय मनाला ‘फुकट’ हा शब्द सुखावतो आणि ‘सूर्यावर’ हा शब्द पुण्य केल्याचे समाधान देतो. हे दोन्ही शब्द एकदा तपासून पाहिले पाहिजेत. कारण रात्री नऊ वाजता घरी परतून लावलेला चार्जर सूर्यावर चालत नाही. त्या वेळी महाराष्ट्राच्या वीजवाहिन्यांतून जी वीज वाहत असते, तिचा मोठा भाग कोळशाचा असतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा विजेच्या गाडीला विरोध नव्हे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. आखातात ठिणगी पडली की आपल्या स्वयंपाकघराचे अंदाजपत्रक कोसळते. हे परावलंबित्व कमी करणारे प्रत्येक पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु पाऊल खरोखर पुढे पडले की केवळ जागच्या जागी आपटले, हे पाहण्याचे कर्तव्य टाळून चालणार नाही.

हिशेब जुळतो, वीज जुळत नाही

गच्चीवरील एक किलोवॅटचा संच आपल्या प्रदेशात निरभ्र दिवसात सरासरी चार युनिट वीज देतो. तीन किलोवॅटच्या संचातून साधारण बारा युनिट मिळतात. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो. यातील बहुतांश वीज सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत तयार होते. नेमक्या त्याच वेळी घरातील कर्ती माणसे कार्यालयात, मुले शाळेत आणि गाडी घरापासून दूर असते. ही वीज महावितरणच्या वाहिनीत जाते आणि रात्री आपण वाहिनीतूनच वीज परत घेतो. नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतो.

‘वजाबाकी झाली, मग अडचण कोणती?’ असे कोणी विचारील. अडचण अशी की वजाबाकी कागदावर होते, बॉयलरमध्ये नव्हे. दुपारी दिलेले युनिट दुपारीच शेजाऱ्याच्या पंख्यात संपून जाते. सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे, दूरचित्रवाणी, वातानुकूलन यंत्रे आणि आता गाड्याही एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा ती मागणी भागविण्याचा मुख्य भार चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांवर पडतो. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथल्या राखेत आणि धुरात राहणारी माणसे आपलीच आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत पसरले. पुण्यातील वाहनतळ स्वच्छ झाला आणि नागपूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला राख आली, तर त्याला पर्यावरणरक्षण म्हणावे काय?

दुसरा भ्रम याहून जुना आहे. भारनियमनाचे दिवस ज्या पिढीने भोगले, तिला वाटते की पॅनेल बसविले म्हणजे आता वीज जाण्याची चिंता मिटली. वस्तुस्थिती उलट आहे. वाहिनीला जोडलेला सौर संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अंगावर आपल्या गच्चीतली वीज येऊ नये, यासाठी ही योजना असते आणि ती योग्यच आहे. वेगळी बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर नसेल, तर लख्ख उन्हातही ना पंखा फिरतो, ना गाडी चार्ज होते. विक्री करताना ही गोष्ट ठळकपणे किती जण सांगतात?

चार्जरआधीचे गणित

बहुतेकांचे पॅनेल जुन्या बिलाच्या मापाने बसविलेले आहेत. त्यात गाडी धरलेलीच नव्हती. एका युनिटवर मध्यम आकाराची मोटार सहा ते सात किलोमीटर जाते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला, चार्जिंगमधील गळती धरून, महिन्याला सुमारे दोनशे युनिट अधिक लागतील. म्हणजे किमान दीड-दोन किलोवॅटची भर घालावी लागेल. संचाची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली असते. साध्या सोळा अँपिअरच्या प्लगवर गाडी सुमारे ३.३ किलोवॅट घेते. भिंतीवरचा मोठा चार्जर ७ किलोवॅटहून अधिक घेतो. अनेक सदनिकांचा संपूर्ण मंजूर भारही इतका नसतो. म्हणून आधी भार वाढवून घ्यावा, मग चार्जर बसवावा. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग, या चार गोष्टी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्याव्यात. खिडकीतून लोंबणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर गाडी लावणारा माणूस चार पैसे वाचवीत नसतो. तो साऱ्या इमारतीला धोक्यात टाकीत असतो.

आणि मुख्य म्हणजे, मोठ्या चार्जरचा मोह सोडावा. गाडी सहा अँपिअरवर, म्हणजे साधारण १.४ किलोवॅटवरही चार्ज होऊ शकते. तीन किलोवॅटचा संच भर दुपारी एवढी वीज सहज देतो. घराबाहेर किती वीज जात आहे हे मोजून तेवढीच गाडीकडे वळविणारे चार्जर आज मिळतात. ते परवडत नसतील तर गाडीतील वेळ ठरविण्याची सोय वापरावी आणि प्रवाह कमी ठेवावा. निवृत्त आजोबांची गाडी, गृहिणीची शाळेच्या फेरीची गाडी, रविवारी सर्वांचीच गाडी दुपारी दारातच उभी असते. तिला रात्रीपर्यंत थांबविण्याचे कारण केवळ सवय हेच आहे.

सोसायट्यांची नकारघंटा

परंतु केवळ ग्राहकाला उपदेश करून भागणार नाही. ज्याला नीट करायचे आहे, त्याची वाट अडविणारे शहरोशहरी बसले आहेत. सदस्याने चार्जरसाठी अर्ज केला की कार्यकारिणी म्हणते, ‘‘आज तुम्हाला दिले, उद्या सगळे मागतील.’’ उद्या सगळे मागणार आहेत, म्हणूनच तर आज विचार करायचा! आगीची भीती खरी आहे. पण अधिकृत जोडणी नाकारल्याने भीती कमी होत नाही, चोरून लावलेल्या वायरी वाढतात.

कायदा या नकाराच्या बाजूने नाही. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार सोसायटीतील रहिवासीही वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागू शकतो. दहा किलोवॅटपर्यंतच्या गच्चीवरील सौर संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अटही त्याच दुरुस्तीने काढून टाकली. पंतप्रधान सूर्यघर योजनेत वैयक्तिक घराला तीन किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरविले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी, वाहन चार्जिंगसह, प्रति किलोवॅट १८,००० रुपयांची तरतूद आहे, हे किती कार्यकारिणींनी वाचले? सामाईक गच्चीवरचे पॅनेल आणि त्याखालच्या वाहनतळात दुपारी चालणारे सामाईक चार्जर हा सर्वांत स्वस्त व सर्वांत न्याय्य मार्ग आहे. ज्याच्या वाट्याला गच्ची नाही, त्यालाही सूर्याचा वाटा मिळतो.

शासनावरही दायित्व आहे. जून २०२३ च्या दुरुस्तीने सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे धोरण ठरले. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग, हा न्याय सामान्य ग्राहकाला बिलाच्या कागदावर स्वच्छ दिसला पाहिजे. जो दर सनदी लेखापालालाही उलगडत नाही, तो लोकांची सवय कशी बदलणार?

आपल्यापैकी अनेक जण सोसायटीच्या कार्यकारिणीवर आहेत, कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर, कोणी शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळावर आहेत. या संस्थांच्या इमारतींना विस्तीर्ण गच्च्या आहेत आणि त्यांच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिवसभर उन्हात तापत उभ्या असतात. गाडी जिथे दुपारी असते तिथे चार्जर नेणे, ही काही अवकाशविज्ञानातील कामगिरी नव्हे. त्यासाठी एक ठराव, एक परवानाधारक ठेकेदार आणि एक अर्ज पुरेसा आहे.

स्वावलंबन ही विकत घेण्याची वस्तू नाही. ती दिनचर्येत उतरवावी लागते. सूर्य आपली वेळ बदलणार नाही. बदलायची आहे ती आपली. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय वाचकांनी स्वतः घालावा आणि नकार देणाऱ्यांकडून त्याची कारणे लेखी मागावीत.