वासावरून नकार नको

दिल्लीतल्या हुमायूनपूरच्या नागा खाणावळीत अखुनी मागवली की चवीआधी वास पोचतो, उग्र आणि आंबूस. सुमी नागांचा हा जिन्नस म्हणजे उकडलेलं सोयाबीन, पानात गुंडाळून चुलीजवळ काही दिवस मुरवलेलं. धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर ते शिजलं की रस्सा दाट होतो, चव जिभेवर रेंगाळते. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत मात्र असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न देता करा, असा सल्ला होता. वास सहन होत नाही हे कुणाचं खरंही असेल. पण सुकट भाजली की खिडक्या लावून घेणारे शेजारी कोकणी माणसाला नवे नाहीत, आणि त्याच वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. ही किळस बहुतांशी सवयीची असते, आणि सवय बदलते. डुकराचं मांस वर्ज्य असेल त्याने ते जरूर टाळावं. अखुनीची नुसती चटणीही असते. पोटाची धास्ती असेल तर घासभरच घ्या. पण ओळखीचं चिली चिकन मागवण्याआधी वाढणाऱ्याला एकदा विचारा, तुमच्या घरी अखुनी कशाशी खातात, आणि तसंच मागवा.